‘कायू’ दाखवावा की नाही?

उत्तर अमेरिकेत लहान मूल असलेल्या घरात ‘कायू’चं नाव काढलं की आईवडिलांचं मत तयारच असतं, आणि बहुतेक वेळा ते कडक असतं. हा चार वर्षांचा टकलू मुलगा सतत कुरकुरतो, मनासारखं झालं नाही की भोकाड पसरतो, त्याचे आईबाबा त्याला साधं रागावतही नाहीत, आणि आमचं मूल ही सगळी थेरं त्याच्याकडूनच शिकलं, अशी ती तक्रार. मालिका बंद करावी म्हणून पालकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेतल्या ‘पीबीएस किड्स’ने वीस वर्षांनंतर ती थांबवली तेव्हा अनेकांनी जाहीरपणे आनंद व्यक्त केला. पण याच वीस वर्षांत दोन-तीन वर्षांची मुलं याच कायूसमोर मन लावून बसत होती. दवाखान्याची भीती, घरात आलेल्या नव्या बाळाचा हेवा, अंधारात एकटं झोपणं या विषयांवर आमच्या मुलाशी बोलायला या मालिकेनेच सुरुवात करून दिली, असं सांगणारे आईवडीलही होते.

न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी जोडप्याच्या कानावर ही दोन्ही मतं येतात. एक डे-केअरच्या दारात ऐकू येतं, दुसरं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. पुण्या-ठाण्यात मालिकेचं नाव वेगळं असेल, पण पेच हाच. इतर पालकांची मतं ऐकावीत, यात शंका नाही. फक्त त्यांच्याकडून निकाल मागू नये, वर्णन मागावं. मालिका दाखवायची की नाही हा निकाल तुमच्या मुलाकडे बघून तुम्हालाच द्यावा लागतो, आणि तो कसा द्यायचा याची काही कामाची पद्धत आहे.

आधी मालिकेविषयी थोडं. कायू मूळचा पुस्तकांतला. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात क्रिस्टीन लरू आणि चित्रकार एलेन देप्युतो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ही फ्रेंच पुस्तकं सुरू केली. पहिल्या पुस्तकांत तो तान्हा होता, म्हणून डोक्यावर केस नव्हते. पुढे त्याचं वय वाढवलं, पण केस दिल्यावर तो ओळखूच येईना, म्हणून तसाच ठेवला, असं प्रकाशकांनी सांगितलेलं आहे. हे मुद्दाम लिहिलं, कारण हा मुलगा आजारी आहे, त्याला कर्करोग आहे, अशी अफवा पालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरते आणि तिच्यावर विसंबून मालिकेबद्दल मतंही बनतात. १९९७मध्ये कायू कॅनडात टीव्हीवर आला आणि २०००पासून अमेरिकेत पीबीएसवर. घरात आई, बाबा, दोन वर्षांची बहीण रोझी आणि गिल्बर्ट नावाचं मांजर. खलनायक नाही, मारामारी नाही. आजीच्या आवाजातल्या निवेदनातून पाच-सहा मिनिटांची एकेक गोष्ट उलगडते: पोहायला शिकणं, केस कापायला जाणं, खेळणं वाटून घ्यायची वेळ येणं.

मतं का फाटतात याचं पहिलं उत्तर इथेच आहे. आकडे किंवा अक्षरं शिकवणारी मालिका असली की पालकांचं फारसं दुमत होत नाही. मूल दहापर्यंत मोजायला लागलं की मालिका चांगली. कायूसारखी मालिका मात्र वागणं शिकवायला निघालेली असते. वागणं शिकवायचं तर आधी चुकीचं वागणं दाखवावं लागतं. पाच मिनिटांच्या गोष्टीत बराच वेळ कायू हट्ट करतो, रुसतो, रोझीवर राग काढतो, आणि उरलेल्या वेळात शहाणा होतो. मोठ्या माणसाला शेवट लक्षात राहतो. तीन वर्षांच्या मुलाच्या मनात काय राहतं?

याबद्दल एक अभ्यास पालकांनी आवर्जून माहीत करून घ्यावा. मेरी-लुईझ मारेस आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी २००८मध्ये ‘क्लिफर्ड द बिग रेड डॉग’ या अमेरिकी मालिकेचा एक भाग बालवर्गातल्या मुलांना दाखवला. तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे आधी त्याला बिचकतात, मग त्याच्याशी मैत्री करतात, अशी गोष्ट. आपल्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्यालाही सामावून घ्यावं, हा धडा मोठ्यांना सहज दिसतो. बहुतेक मुलांना तो दिसला नाही. गोष्ट कुत्र्यांविषयी आहे, तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावं, इतकंच त्यांनी घेतलं. मुलं मठ्ठ होती असा याचा अर्थ लावू नये. त्या वयात एका गोष्टीतून काढलेला नियम दुसऱ्या गोष्टीला लावणं सहसा जमत नाही. म्हणूनच ‘शेवटी कायू माफी मागतो ना, मग काय बिघडलं?’ हा मालिकेच्या बाजूचा युक्तिवाद अपुरा पडतो. आणि ‘मूल फक्त वाईटच उचलतं’ ही तक्रारही अर्धीच राहते, कारण मूल बरंवाईट तोलून उचलत नाही. जे जोरात घडतं, चेहऱ्यावर आणि आवाजात दिसतं, ते त्याच्या लक्षात राहतं. निवेदकाचं शहाणपणाचं वाक्य हळू आवाजात येतं आणि निघून जातं.

आता पालकांच्या मतांकडे बारकाईने बघू. कायूवर रागावलेला पालक बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली, त्याच्या स्वतःच्या कानांना होणारा त्रास. दिवसभर काम करून दमून आलेल्या, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला तो रडका आवाज खरंच सोसवत नाही. दुसरी, मुलाच्या वागण्यात दिसलेला बदल. आणि तिसरी म्हणजे आईबाप कसे असावेत याबद्दलची त्याची समजूत. कायूचे आईबाबा आवाज चढवत नाहीत, शिक्षा करत नाहीत, समजावतात. ज्याच्या घरी ‘लाडाने मुलं बिघडतात’ असं मानलं जातं त्याला हे बुळचट वाटतं. ज्याने लहानपणी मार खाल्ला आणि आपल्या मुलावर हात उगारायचा नाही असं ठरवलं, त्याला हेच आईबाबा जवळचे वाटतात. आपल्या घरांत हा वाद नवरा-बायकोत असतो, त्याहून जास्त आजी-आजोबा आणि आईवडिलांत असतो, आणि मालिकेवर बोलता बोलता माणसं खरं तर तोच वाद पुढे चालवत असतात.

तुमच्या कामाची या तिन्हींपैकी फक्त दुसरी गोष्ट, आणि ती मिळवायची तर विचारावं लागतं. ‘बेकार मालिका आहे’ असं कोणी म्हणालं की मान डोलावून पुढे जाऊ नका. तुमचं मूल तेव्हा केवढं होतं? रोज किती वेळ बघत होतं? सोबत कोणी असायचं का? नेमकं काय करायला लागलं? मालिका बंद केल्यावर ते थांबलं का? एवढे प्रश्न विचारले की पुष्कळदा चित्र बदलतं. मूल दोन वर्षांचंही नसतं. किंवा त्याने पाच मिनिटांची गोष्ट पाहिलेलीच नसते. यूट्यूबवर जोडून टाकलेले भाग टॅबलेटवर तास-दीड तास एकामागून एक चाललेले असतात. त्या पालकाचा त्रास खरा असतो, पण त्याने सांगितलेली मालिका आणि तुम्ही दाखवायचा विचार करताय ती मालिका एकच राहत नाही. हेच प्रश्न कौतुक करणाऱ्यालाही विचारा. ‘आमच्याकडे फार आवडते’ यातून मूल शांत बसतं एवढंच कळतं.

नावडत्या मालिकेबद्दल संशोधन काय सांगतं याचा एक दाखला कायूच्याच बाबतीत आहे, आणि तो त्याच्या विरोधकांना चकित करणारा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं ‘स्पंजबॉब’ हे वेगवान कार्टून पाहिलं, दुसऱ्याने नऊ मिनिटं कायू, तिसऱ्याने तेवढाच वेळ चित्रं काढली. लगेच नंतर मुलांना स्वतःला आवरण्याची, सूचना लक्षात ठेवण्याची, थांबण्याची कामं दिली. स्पंजबॉब पाहिलेल्या गटाला ती कामं स्पष्टपणे जड गेली. कायू पाहिलेली मुलं आणि चित्रं काढलेली मुलं यांच्यात मात्र फरक दिसला नाही. स्पंजबॉबमधलं दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होतं, कायूमधलं ३४ सेकंदांनी. पुढे २०१५मध्ये लिलार्ड यांच्याच गटाने केलेल्या प्रयोगांतून असं दिसलं की नुसत्या वेगापेक्षा अशक्य, चमत्कारिक घटनांचा भडिमार मुलांच्या डोक्याला जास्त शिणवतो.

या प्रयोगातून किती घ्यायचं याचंही भान ठेवायला हवं. हा पाहिल्यानंतर लगेच दिसणारा परिणाम आहे, वर्षानुवर्षांचा नाही. मुलं फक्त ६० होती. आमची मालिका मुळात ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आहे, असा आक्षेप स्पंजबॉब दाखवणाऱ्या वाहिनीने घेतला, आणि तो योग्य होता. कायू चांगले संस्कार करतो असंही यातून सिद्ध होत नाही. पण पालकांना ज्या कारणांनी कायू रटाळ वाटतो, म्हणजे संथ चाल, रोजचं घर, काही विशेष न घडणं, तीच कारणं चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याला परवडणारी आहेत, एवढं यातून दिसतं. मोठ्यांना कंटाळा येणं हे मुलांच्या मालिकेचं वैगुण्य धरायचं कारण नाही. उलट, जी मालिका मोठ्यांनाही टीव्हीसमोर खिळवून ठेवते आणि दर दोन सेकंदांनी काहीतरी आदळते, तिच्याबद्दल मी जास्त सावध राहीन.

कोणतीही नवी मालिका मुलापुढे लावायच्या आधी त्यातल्या तीन-चार गोष्टी तुम्ही स्वतः, मूल झोपल्यावर, पूर्ण बघा. पहिली गोष्ट बहुधा बरी असतेच; पुढच्या बघितल्या की मालिकेची खरी चाल कळते. वाद किती वेळ चालतो आणि मिटायला किती वेळ दिला आहे, ते पाहा. चुकलेल्या पात्राला काय वाटतं हे चेहऱ्यावर दिसतं, की नुसतं निवेदनात सांगून टाकलं आहे? दुसऱ्याला चिडवणं, नावं ठेवणं विनोद म्हणून वापरलं आहे का? मध्ये थांबून मुलाला विचार करायला जागा ठेवली आहे का? कायूच्या सुरुवातीच्या भागांतला हट्ट नंतरच्या भागांपेक्षा बराच तीव्र आहे, तेव्हा एक-दोन भाग वगळून बाकीचे दाखवणं हाही मार्ग असतो. अख्खी मालिका स्वीकारायची किंवा अख्खी टाकायची, अशी सक्ती कोणी केलेली नाही.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ ही मालिका पालकांच्या मते कायूच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सप्टेंबर २०१२मध्ये पीबीएसवर सुरू झालेल्या या मालिकेत चार वर्षांचा वाघाचा बछडा आहे. फ्रेड रॉजर्स यांच्या जुन्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’मधल्या बाहुलीवरून तो घडवला. प्रत्येक भागात एक छोटं गाणं असतं. राग आला, वाट बघावी लागली, आई कामाला निघाली, अशा वेळी मुलाने काय करावं ते त्या दोन ओळींत येतं, आणि आईवडील ती गाणी घरी सर्रास वापरतात. टेक्सास टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये दोन ते सहा वर्षांच्या १२७ मुलांवर अभ्यास केला. काही मुलांनी दोन आठवडे डॅनियल टायगर पाहिलं, काहींनी निसर्गावरचा कार्यक्रम. दुसऱ्याचं मन ओळखणं, भावना समजणं, स्वतःवरचा विश्वास यांत डॅनियल टायगर पाहणारी मुलं पुढे दिसली. पण एका अटीवर. ज्या घरांत आईवडील टीव्हीवर बघितलेल्या गोष्टींबद्दल मुलांशी नेहमी बोलत होते, तिथेच हा फायदा दिसला. पालकांनी डोक्यावर घेतलेली, विचारपूर्वक बनवलेली मालिकाही बोलण्याशिवाय मुलाला फारसं काही देऊ शकली नाही. मालिका चांगली की वाईट यावर आपण जेवढा वेळ वाद घालतो, त्यातला थोडा जरी मुलाशेजारी बसण्यात गेला तरी फरक पडेल.

बोलायचं म्हणजे परीक्षा घ्यायची नाही. ‘काय शिकलास?’ हा प्रश्न विचारूच नका. त्या वयाच्या मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही शेजारी बसलात की ते सावध होतं. गोष्ट चालू असताना एकदा-दोनदा, तेही चेहरा दाखवून विचारा. ‘बघ, कायूचं तोंड कसं झालंय. काय झालं असेल त्याला?’ गोष्ट वादाच्या टोकाला आली की थांबवता आली तर थांबवा: ‘रोझीने त्याची गाडी घेतली. आता तो काय करेल? तू असतीस तर काय केलं असतंस?’ मुलीने ‘ढकललं असतं’ असं उत्तर दिलं तरी दचकू नका. ते प्रामाणिक उत्तर आहे, आणि खरी गाडी, खरा भाऊ नसताना ते मिळालं हे चांगलंच झालं. ‘मग रोझीला काय वाटलं असतं?’ एवढं विचारून पुढे जा. गोष्ट संपल्यावर मालिकेतला प्रसंग घरातल्या प्रसंगाशी तुम्हीच जोडून द्यायचा असतो, कारण मूल तो स्वतःहून जोडत नाही. परवा बागेत झोक्यावर नंबर लागेपर्यंत थांबावं लागलं होतं, तेव्हा तुलाही असाच राग आला होता ना? बस, इतकंच.

परदेशातल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक फायदा आहे. मालिका इंग्रजीत असू दे, बोलणं मराठीत करा. डे-केअरमध्ये मुलाला रागासाठी, दुःखासाठी इंग्रजीतले दोन-तीन शब्द मिळतात. घरी तुम्ही ‘कायू रुसला’, ‘खट्टू झाला’, ‘हिरमुसला’, ‘आता लाजला बघ’, ‘त्याला बाळाचा हेवा वाटतोय’ असं म्हणत राहिलात तर भावनांच्या बारीक छटा मुलाच्या मराठीत येतात. मोठेपणी मराठी शिकवणीतून हे शब्द सहजी येत नाहीत; ते प्रसंगाबरोबरच रुजतात.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा इथे फार उपयोगी पडतात. त्यांना परदेशी उच्चारांतलं इंग्रजी भराभर कळत नाही, म्हणून बहुतेक घरांत ते टीव्हीपासून दूर बसतात. त्यांना मुद्दाम शेजारी बसवा आणि नातवालाच गोष्ट समजावून सांगायला सांगा. पाहिलेली गोष्ट आपल्या शब्दांत, न पाहिलेल्या माणसाला सांगणं हा भाषेचा उत्तम व्यायाम आहे, आणि आजीला खरंच कळलेलं नसल्यामुळे मुलालाही सांगण्यात रस वाटतो. कायूचे आईबाबा रागावत का नाहीत, हा आजोबांचा प्रश्न आलाच तर तो मुलासमोर वादाचा विषय करू नका. मूल झोपल्यावर बोला.

आता किरकिरीची तक्रार. मूल कायूचा सूर खरोखर उचलू शकतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तीन वर्षांचं मूल झोप अपुरी झाली, भूक लागली, घरात पाहुणे आले, बाळ आलं की कायू न बघताही किरकिरतं. दोन्हींतला फरक ओळखायचा तर दोन आठवडे मालिका पूर्ण बंद करून बघा आणि त्या काळात घरात दुसरा मोठा बदल करू नका. किरकिर स्पष्ट कमी झाली तर तुमच्या मुलापुरतं उत्तर मिळालं. तशीच राहिली तर झोपेची वेळ आणि संध्याकाळचं खाणं आधी तपासा. मालिका चालू ठेवायची ठरली तर किरकिर सुरू होताच शांतपणे सांगता येतं, ‘तुझ्या नेहमीच्या आवाजात सांग, मग मी ऐकते.’ आणि मुलाने नेहमीच्या आवाजात सांगितलं की लगेच ऐका, निदान उत्तर तरी द्या. किरकिरीला मागितलेलं मिळत गेलं तर ती टिकते, मग टीव्हीवर काहीही लावा.

तोच भाग पुन्हा पुन्हा लावण्याचा हट्ट पालकांना वेड लावतो, पण त्यात काळजीचं काही नाही. ‘ब्लूज क्लूज’ ही १९९६मध्ये सुरू झालेली मालिका तर एकच भाग सलग पाच दिवस दाखवायची, तेही विचारपूर्वक. तिच्यावरच्या अभ्यासात दिसलं की पुन्हा पाहिल्यावर मुलांना गोष्ट जास्त कळते आणि ती टीव्हीशी बोलू लागतात, उत्तरं देऊ लागतात. नवा भाग रोज लावण्यापेक्षा एकच चांगला भाग आठवडाभर लावणं बरं. चौथ्या दिवशी आवाज बंद करून मुलाला सांगू द्या की आता काय होणार.

वेळेच्या बाबतीत फार खल करायचं कारण नाही, कारण तज्ज्ञांचं म्हणणं इथे जवळपास एकसारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आणि कमी असेल तितकं चांगलं असंही म्हटलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाचमध्ये एक तासाहून जास्त नको, असंच सांगते. दोन वर्षांखालची मुलं पडद्यावरून फारच थोडं शिकतात. तीच गोष्ट समोर बसलेल्या माणसाकडून ती सहज शिकतात. तेव्हा तुमचं मूल दीड वर्षाचं असेल तर कायू चांगला की डॅनियल टायगर हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

बंद करताना होणाऱ्या रडारडीचं मात्र बघायला हवं, कारण पुष्कळ आईवडील मालिकेला जो दोष देतात तो खरं तर बंद करण्याच्या पद्धतीचा असतो. ‘अजून दोन मिनिटं हं’ असा इशारा द्यावा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये लहान मुलांच्या घरांत याची पाहणी केली, तेव्हा उलटंच दिसलं: असा इशारा दिल्यावर मुलं जास्त चिडत होती. गोष्ट आपोआप संपली किंवा पुढचा भाग आपोआप सुरू झाला नाही, तर मात्र ती बऱ्यापैकी सहज उठत होती. लहान मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, गोष्ट संपली हे कळतं. म्हणून पुढचा भाग आपोआप लावणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ‘आज दोन गोष्टी’ असं आधी ठरवा, मिनिटांत बोलू नका. यूट्यूबवरचे जोडलेले लांबलचक भाग टाळा. त्यांना शेवटच नसतो. दुसरी गोष्ट संपली की मुलालाच बटण दाबू द्या आणि लगेच हातात काहीतरी द्या: मटार सोलायला, पोळीच्या कणकेचा गोळा, बाहेर जायचे बूट.

मालिका कधी सोडावी? मूल रात्री दचकून उठत असेल, एखादा प्रसंग आला की तोंड लपवत असेल, मालिकेतलं एखादं टोचणारं वाक्य दुसऱ्या मुलावर पुन्हा पुन्हा वापरत असेल आणि बोलूनही ते थांबत नसेल, तर मालिका काही काळ बाजूला ठेवा. ती वाईट असावी लागते असं नाही. सहा महिन्यांनी तेच मूल ती निवांत बघू शकेल.

आणि तुम्हाला स्वतःला ती अजिबात सहन होत नसेल तर? वर आईवडिलांच्या त्रासाला मी बाजूला काढलं होतं, पण निर्णय घेताना त्यालाही जागा आहे. शेजारी बसून बोलण्यात सगळी मेख असेल, तर ज्या मालिकेचा आवाज ऐकताच तुम्ही खोलीतून उठून जाता ती तुमच्या घरासाठी चांगली नाही, मग बाकीचे काहीही म्हणोत. तुम्ही उठून गेलात की मूल एकटं उरतं. त्यापेक्षा तुम्हाला पंधरा मिनिटं सहज सोसवेल, कदाचित आवडेलही, अशी संथ मालिका निवडा. हे कारण कोणालाही उघडपणे सांगण्यासारखं आहे. त्यासाठी मालिकेने मुलं बिघडवल्याचा आरोप करावा लागत नाही.

उद्या तुमच्याहून नवे आईवडील तुम्हालाच विचारतील. तेव्हा त्यांना बंदी घाला किंवा जरूर दाखवा असं न सांगता साधारण असं सांगा: आमची मुलगी साडेतीन वर्षांची, संध्याकाळी दोन गोष्टी बघते, आमच्यापैकी कोणीतरी शेजारी असतं. दवाखान्याची गोष्ट पाहिल्यावर लस घेताना हात पुढे केला. बहिणीवर चिडण्याच्या गोष्टी आम्ही वगळतो, कारण आमच्याकडे नुकतंच बाळ आलं आहे. पहिला आठवडा थोडी किरकिर वाढली, मग थांबली. तुमचा मुलगा केवढा आहे?